दोघांनी मिळून जिओकॅशिंग करताना दुसरे हँडहेल्ड जीपीएस कोणते घ्यावे?

रानभूल, हिल्सबरो (ओरेगन):

नमस्कार. आम्ही दोघे नवरा-बायको काही वर्षांपासून पोर्टलंडच्या आसपास जिओकॅशिंग करतो, म्हणजे इतरांनी लपवून ठेवलेले डबे (कॅश) अक्षांश-रेखांशावरून शोधतो. आमच्याकडे गार्मिनचे जीपीएसमॅप ६४एस हे एकच हँडहेल्ड (हातात धरायचे जीपीएस यंत्र) आहे आणि, कधी तसे ठरलेले नसतानाही, ते नेहमी माझ्या यजमानांच्या हातात असते. मी फोनवर कॅशचे वर्णन वाचून दाखवते, आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी चाळते आणि बाकीचा वेळ त्यांच्या मागून चालते. दुसरे यंत्र घ्यायचे ते मुख्यतः यासाठी. पहिले बिघडले तर हाताशी असावे म्हणून पिशवीत पडून राहणारे यंत्र मला नको आहे. डबा शोधण्यात माझा वाटा असावा, एवढीच अपेक्षा आहे.

फोन पुरेसा नाही का, असे कोणी विचारील म्हणून आधीच सांगते. मोकळ्या मैदानात तो उत्तम चालतो. पण फॉरेस्ट पार्कमध्ये डग्लस फर वृक्षांच्या ओल्या, गच्च छताखाली किंवा कोलंबिया नदीच्या खोऱ्यात बेसॉल्टच्या कड्याला लागून चालताना त्याचे अंतर एका जागी उभे असतानाही बदलत राहते. शिवाय आमच्याकडे ऑक्टोबर ते मे पाऊस असतो, ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही आणि हातमोजे काढावेसे वाटत नाहीत.

विचारात असलेली यंत्रे म्हणजे ईट्रेक्स २२एक्स, ईट्रेक्स ३२एक्स, स्वस्तातले ईट्रेक्स एसई, जीपीएसमॅप ६५एस आणि जीपीएसमॅप ६७. यांपैकी ६७चा एक भाऊ ६७आय आहे, त्यात उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याची सोय आहे. जंगलात फोनला रेंज नसते म्हणून यजमानांचा कल तिकडे आहे. आम्हा दोघांनाही चाळिशी लागलेली आहे, त्यामुळे पडद्याचा आकार ही माझ्यासाठी गौण बाब नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे एक वर्षाआड आम्ही पुण्याला येतो तेव्हा सह्याद्रीत एक-दोन ट्रेक होतात आणि त्या वेळी यंत्र बरोबर न्यायचा विचार आहे.

प्रश्न असा की, दुसरे यंत्र पहिल्यासारखेच असावे की मुद्दाम वेगळे? नव्या यंत्रांतल्या ‘मल्टी-बँड’चा जंगलात खरोखर फरक पडतो का? आणि दोन यंत्रे बाळगणाऱ्या जोडप्यांना प्रत्यक्षात कोणत्या सोयी उपयोगी पडतात?

सिएटलकर:

यादीतून नाव कमी करायचे असेल तर सुरुवात २२एक्सपासून करा. त्यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही. असे यंत्र दिशा ओळखते ती तुमच्या चालण्यावरून. तुम्ही थांबलात की बाण कोठे दाखवावा हे त्याला कळत नाही. गाडीरस्त्याने जाताना याचे काही वाटत नाही, पण जिओकॅशिंगमध्ये खरे काम शेवटच्या वीस पावलांत असते आणि तेथे माणूस दर दोन पावलांनी थांबतो, वाकतो, मागे वळतो. तुमच्या ६४एसमध्ये तीन अक्षांचे होकायंत्र आहे, त्यामुळे यंत्र कसेही धरले तरी बाण नीट राहतो. यजमानांच्या हातात स्थिर बाण आणि तुमच्या हातात गरगरणारा बाण, असे झाले तर महिन्याभरात तुम्ही पुन्हा त्यांच्या मागून चालू लागाल.

ईट्रेक्स एसई अगदी वाईट नाही. त्याला होकायंत्र आहे, दोन पेन्सिल सेलवर ते नेहमीच्या वापरात १६८ तास चालते असे कंपनी सांगते, आणि फोनशी जोडले की जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावरून कॅशची वर्णने व नोंदी त्यात आपोआप येतात. पण त्याचा पडदा कृष्णधवल आहे आणि त्यात नकाशा नाही. ओढ्याच्या कोणत्या काठाने जायचे, पायवाट कोठे वळते, हे विचारायला तुम्हाला पुन्हा यजमानांकडेच जावे लागेल.

माझे मत ६५एसला. पडदा ६४एसएवढाच, म्हणजे २.६ इंचांचा, बटणे त्याच जागी, मेनू जवळजवळ तोच आणि सेलही तेच, दोन एए. दोघांपैकी कोणीही कोणतेही यंत्र उचलले तरी बोटांना नव्याने शिकावे लागत नाही, आणि एकाचे सेल संपले तर दुसऱ्याच्या पिशवीतले चालतात. ६७चा पडदा तीन इंचांचा आहे आणि बॅटरी १८० तासांपर्यंत चालते, पण ती आत बसवलेली आहे. एक यंत्र तारेने चार्ज करायचे आणि दुसऱ्याला सेल घालायचे, अशी दोन व्यवस्थांची उठाठेव दर शनिवारी सकाळी करावी लागते.

आता मल्टी-बँडविषयी. ६४एस हे अमेरिकेच्या जीपीएस आणि रशियाच्या ग्लोनास उपग्रहांचे संकेत एकाच पट्ट्यात ऐकते. जीपीएसच्या बाबतीत तो पट्टा एल१, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ. ६५एस त्याबरोबर एल५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झचा संकेतही ऐकते आणि त्याला युरोपचे गॅलिलिओ उपग्रहही कळतात. कड्यावर किंवा ओल्या झाडीवर आपटून उशिरा पोचलेला संकेत यंत्राला फसवतो; एल५च्या संकेताची सांकेतिक रचना दहापट वेगवान असल्यामुळे थेट आलेला संकेत आणि परावर्तित संकेत वेगळे काढणे त्यात सोपे जाते. कोलंबियाच्या खोऱ्यात तुम्हाला हा फरक दिसेल. मोकळ्या उद्यानात दिसणार नाही.

नेकारकाठ, श्टुटगार्ट:

वरील प्रतिसादातला होकायंत्राचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, मल्टी-बँडसाठी जास्त पैसे मोजण्याचा मात्र तितकासा नाही. कॅशचा जो अक्षांश-रेखांश आपण यंत्रात भरतो तो लपवणाऱ्याने स्वतःच्या यंत्राने घेतलेला असतो. त्याने तो दहा वर्षांपूर्वी, दाट झाडाखाली उभे राहून, घाईघाईने घेतला असेल तर आपले यंत्र कितीही अचूक असले तरी ते आपल्याला अचूकपणे चुकीच्या जागी नेऊन उभे करील. त्याची चूक चार मीटरची, आपली चार मीटरची आणि दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही असे धरले, तर एकत्रित फरक साधारण पावणेसहा मीटर होतो. आपली चूक निम्म्याने कमी करून दोन मीटरवर आणली तरी एकत्रित फरक साडेचार मीटरच्या आसपास राहतो. जास्तीचे पैसे त्या सव्वा मीटरसाठी जातात.

यावर थोडे विषयांतर. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली, त्याआधी जागा शंभर मीटरपर्यंत चुकणे सामान्य होते. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, पहिला डबा लपवला गेला तो तुमच्याच ओरेगनमध्ये, बीव्हरक्रीकजवळ. तेथे आता स्मृतिफलक आहे आणि हिल्सबरोहून तो फार लांब नाही. त्या काळी लोकांना दहा मीटर म्हणजे चैन वाटत असेल. आपण येथे दोन मीटरवर वाद घालतो आहोत.

दोन यंत्रांचा सर्वांत मोठा फायदा आम्हाला झाला तो वेगळ्याच ठिकाणी. जर्मनीत अनेक टप्प्यांचे मल्टी-कॅश फार आहेत. पाटीवरचे आकडे मोजायचे, गणित करायचे, पुढचा अक्षांश-रेखांश काढायचा आणि यंत्रात भरायचा. येथे उपग्रहाच्या चुकीपेक्षा बोटाची चूक कितीतरी मोठी असते. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळी एकाची चूक झाली तर अक्षांशात १.८५ मीटरचा फरक पडतो, पण पहिल्या दशांश स्थळी झाली तर १८५ मीटरचा. म्हणून आमचा नियम असा आहे की आकडे दोघांनी स्वतंत्रपणे भरायचे आणि मग फक्त अंतर मोठ्याने म्हणायचे. तिच्या यंत्रावर २४० मीटर आणि माझ्यावर ४१० आले की पाऊल उचलण्याआधीच कळते. हे काम कोणतीही दोन यंत्रे करू शकतात.

म्हणूनच माझी शिफारस ३२एक्स. होकायंत्र आहे, उंची दाखवणारे वायुदाबमापक आहे, सेल तेच दोन एए, एका संचावर २५ तासांपर्यंत चालते आणि तुमच्या ६४एसप्रमाणेच त्यात बिनतारी देवाणघेवाण आहे. दोन यंत्रे दहा फुटांच्या आत आणून एका यंत्रातली खूण दुसऱ्यात पाठवता येते. पडदा २.२ इंचांचा आहे ही तक्रार खरी, आणि चाळिशी असताना ती छोटी नव्हे. पण यंत्र लहान, हलके आणि एका मुठीत मावणारे आहे. माझी बायको मोठे यंत्र हातात घ्यायला तयार नसते, ईट्रेक्स मात्र ती गळ्यात अडकवून विसरून जाते. यंत्रावरची दांडी अंगठ्याने फिरवून आकडे भरणे काहींना अजिबात जमत नाही, तेव्हा दुकानात जाऊन एक पूर्ण अक्षांश-रेखांश भरून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

जाता जाता नकाशांविषयी. गार्मिनचा विकत घेऊन उतरवलेला नकाशा एकाच यंत्राशी बांधलेला असतो. तो दुसऱ्यावर चालत नाही आणि दोन यंत्रे झाली की हा खर्च दुप्पट होतो. ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले फुकट नकाशे मायक्रोएसडी कार्डावर घालून दोन्ही यंत्रांत वापरता येतात. जंगलातल्या पायवाटा त्यांत बहुधा जास्तच असतात.

घाटवाट, पुणे:

बाकी चर्चेत मला भर घालायची नाही, पण ६७आयचा उल्लेख वाचून राहवले नाही. तुम्ही ते घेतले तर भारतात येताना कृपया घरीच ठेवून या. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून येथे बाळगता येत नाहीत, आणि अशी उपकरणे सामानात सापडल्यामुळे गोवा व दिल्लीच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना अलीकडच्या काळात वर्तमानपत्रांत आलेल्या आहेत. संदेश पाठवण्याची सेवा बंद करून ठेवली आहे, हे सांगणे तेथे उपयोगी पडेल असे समजू नका. आक्षेप उपकरणालाच असतो. ६५एस किंवा ३२एक्स फक्त संकेत घेतात, उपग्रहाकडे काही पाठवत नाहीत, त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी.

ओरेगनच्या जंगलासाठी संदेशाची सोय हवीच असेल तर ती वेगळ्या छोट्या उपकरणात घ्या आणि जीपीएस वेगळे ठेवा. म्हणजे पुण्याला येताना एक वस्तू घरी राहील, दोन्ही नाही.

सह्याद्रीसाठी एवढेच सांगेन की तुमच्याकडचा खडक आणि आमच्याकडचा खडक एकाच जातीचा, बेसॉल्ट. नळीच्या वाटेने वर चढताना दोन्ही बाजूंना कडे असतात, आकाशाची एक पट्टी दिसते आणि साध्या यंत्राने नोंदवलेली वाट नकाशावर कड्याच्या आत शिरलेली दिसते. मल्टी-बँडवर श्टुटगार्टच्या मित्रांनी केलेला हिशोब डबा शोधण्यापुरता बरोबर आहे. वाट नोंदवायची असेल तर तेथे दुसऱ्या कोणाची चूक मिसळलेली नसते, आणि चांगल्या यंत्राचा पूर्ण लाभ मिळतो. डबे मात्र येथे तुमच्या मानाने फारच विरळ आहेत, त्या आशेवर येऊ नका.

रानभूल, हिल्सबरो:

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी दुकानात जाऊन ६५एस आणि ३२एक्स या दोन्ही यंत्रांत एकच अक्षांश-रेखांश भरून पाहिला. ईट्रेक्सची दांडी माझ्या अंगठ्याला फारशी आवडली नाही आणि चष्मा कपाळावर ठेवून २.२ इंचांच्या पडद्यावरचे आकडे वाचता आले नाहीत. त्यामुळे ६५एस घ्यायचे ठरले आहे. निर्णय एल५साठी झालेला नाही, तो बटणे, पडदा आणि सेल यांच्यासाठी झाला. खोऱ्यात आणि नळीच्या वाटेत एल५चा उपयोग झाला तर तो वरकड. ६७आयचा विषय घाटवाट यांचा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवल्यावर मिटला.

एक वाद शिल्लक आहे. नवे यंत्र अधिक अचूक म्हणून ते ‘पुढे चालणाऱ्याकडे’ असावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. आणि दोन्ही यंत्रे एकमेकांशी जुळवून ठेवण्यासाठी सुरुवातीला काय काय करावे लागते, तेही कृपया सांगावे.

सिएटलकर:

पुढे कोण चालणार हे आधी ठरवा, म्हणजे वाद राहणार नाही. नवे यंत्र तुमचे. त्यावर तुमचे नाव घाला. सुरू होताना दिसणाऱ्या पडद्यावर मालकाचे नाव लिहिण्याची सोय असते. हे मी गमतीने म्हणत नाही. ज्या घरांत दोन्ही यंत्रे ‘आपली’ असतात तेथे ती दोन्ही एकाच पिशवीत जातात, आणि पिशवी कोणाच्या पाठीवर असते ते तुम्हाला माहीत आहे.

जुळवणीत पहिली गोष्ट म्हणजे स्थानाची लेखनपद्धत. दोन्ही यंत्रांवर अंश आणि दशांश-मिनिटे ठेवा आणि नकाशाचा आधार (अक्षांश-रेखांश ज्या संदर्भाने मोजतात तो) डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. एकावर अंश-मिनिटे-सेकंद राहिले तर नेकारकाठ यांनी सांगितलेली पडताळणी निरर्थक होते. तुमच्या अक्षांशावर रेखांशातला मिनिटाचा एक सहस्रांश सुमारे १.३ मीटरचा असतो, अक्षांशातला १.८५ मीटरचा, हेही लक्षात असू द्या. पूर्व-पश्चिमेचा आकडा उगीच जास्त हलल्यासारखा वाटतो त्याचे कारण तेच.

दुसरी गोष्ट डब्यांच्या याद्यांची. संकेतस्थळाचे प्रीमियम (पैसे भरून घ्यायचे) सदस्यत्व असेल तर एका पॉकेट क्वेरीत, म्हणजे तेथून उतरवायच्या यादीत, १,००० पर्यंत कॅश येतात; तीच यादीची जीपीएक्स फाइल दोन्ही यंत्रांत, एकाच वेळी घाला. एका यंत्रात मागच्या आठवड्याची आणि दुसऱ्यात आजची यादी असली की दरम्यान बंद झालेल्या डब्यासाठी एक जण चढ चढतो आणि दुसरा खाली उभा राहून विचारतो की तू कोठे चालली आहेस. कोडी सोडवून मिळालेली खरी स्थाने संकेतस्थळावरच दुरुस्त करून मग फाइल उतरवा, म्हणजे ती दोन्हीकडे सारखी येतात.

तिसरी गोष्ट नोंदींची. डबा सापडला की यंत्र ती नोंद जिओकॅश-व्हिजिट्स नावाच्या साध्या फाइलमध्ये लिहिते आणि घरी आल्यावर ती संकेतस्थळावर चढवून मसुदे तयार करता येतात. एका यंत्रावर ‘सापडला’ म्हटल्याने दुसऱ्यावर तसे होत नाही. खाते सामाईक असेल तर नोंद कोणी करायची हे एकदाच ठरवा आणि त्याच यंत्राची फाइल चढवा, नाहीतर प्रत्येक डबा दोनदा सापडतो. खाती वेगळी असतील तर प्रत्येकाने आपापली चढवायची, प्रश्न मिटला. माझ्या मते वेगळी खातीच बरी.

शेवटच्या दहा मीटरमध्ये दोघांनी दोन दिशांनी जवळ या, शक्यतो काटकोनात. यंत्र अर्धा मिनिट स्थिर धरा, कारण चालता चालता ते थोडे मागे राहते आणि पुढे नेते. दोन्ही बाण जेथे एकमेकांना छेदतात तेथून शोध सुरू करा आणि यंत्रे खिशात घाला. मात्र दोन्ही यंत्रांचे एकमत झाले म्हणून जागा बरोबरच आहे असे धरू नका. वातावरणामुळे येणारी चूक दोघांनाही जवळपास सारखीच असते आणि लपवणाऱ्याची चूक तर दोघांत जशीच्या तशी येते.

होकायंत्र सेल बदलल्यावर आणि लांबच्या प्रवासानंतर पुन्हा जुळवावे लागते, म्हणजे पुण्याला उतरल्यावरही. गाडीच्या टपाजवळ उभे राहून जुळवू नका. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार तसा निवडा, नाहीतर भरलेले सेल अर्धे दिसतात. माउंट हुडच्या थंडीत जाताना एकदाच वापरायचे लिथियम सेल घ्या, आणि हिवाळ्यात यंत्र फार दिवस पडून राहणार असेल तर अल्कलाइन सेल आत ठेवू नका, ते गळतात.

पुढे स्वतःचा डबा लपवावासा वाटला तर दोन्ही यंत्रांवर वेपॉइंट ॲव्हरेजिंग करा, म्हणजे त्याच जागेची अनेक मोजमापे घेऊन सरासरी काढा. चार ते आठ नमुने, आणि दोन नमुन्यांमध्ये किमान दीड तासाचे अंतर, असे कंपनीच्या पुस्तिकेतच सांगितले आहे. जागा घराजवळची निवडलीत तर हे जमेल. शेजारच्या डब्यापासून १६१ मीटरचे अंतर राखावे लागते, ते आधी पाहून घ्या.